बापाची पितळी थाळी

माझं गाव विचारता? काय सांगू तुम्हाला, कच्छच्या रणाची कड म्हणजे आमचं गाव, त्याच्यापुढे गावच नाही, नुसतं मीठ, पांढरंफटक, झाड नाही, दगड नाही, खूण म्हणून धरावी असं काही म्हणजे काही नाही. मूठभर घरं, मातीची, गोल, वर गवताचं छप्पर. उन्हाळ्यात तळं आटलं की त्याच्याच तळात हातांनी खड्डा खणायचा, त्यात गोडं पाणी साठतं, ते वाटीवाटीने काढायचं, घाई केली की खालचं खारं वर येतं. तरी कुणी परका आला की आधी पाणी, मग नाव. आधी नाव विचारलं तर बापा रागवायचा.

आणि धूळ. तुम्हा मुंबईवाल्यांची धूळ म्हणजे झाडायची, आमच्याकडे ती उठली की भर दुपारी समोरचा दिसत नाही, डोळे जळतात, रणात असलेला माणूस घर सोडून भलतीकडेच चालत सुटतो. म्हणून आमच्यात रीत, धूळ उठली की पितळेची थाळी घेऊन गावाच्या कडेला जायचं नि बडवत राहायचं, आवाजावर माणूस घरी येतो. माझा थोरला भाऊ खेता उंट घेऊन मीठ आणायला गेलेला, तो आलाच नाही. बापा बडवत राहिला, धूळ बसली तरी बडवत राहिला, शेवटी आईने हात धरला. मग उंट आला. एकटा.

मला लालबागला दिली. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आम्ही जातीचे विणकरच. चाळ सगळी कोकणातली, मला भाषा येईना, ती शेजारच्या तारामावशीने शिकवली, मला लेकच मानायची ती. आई गेल्यावर बापाला इथे आणला, येताना त्याने काय आणलं तर ती थाळी. तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली, रोज मोर्चे, रोज घोषणा. खोटं कशाला बोलू, कुणी कुणी आम्हाला गुजराती म्हणून वाकडं बघायचं. मग तारामावशी दारात उभी, ह्यां माझां चेडू, कोणी हात लावून बघा! बापाला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. तो आपला नळाचं पाणी वाया जाताना बघून हळहळायचा.

त्या दुपारी पोलिसांनी अश्रुधूर सोडला. गल्ली धुराने भरली, आमची चाळीतली पोरं त्यात अडकली, डोळे चोळत भिंतींवर आपटतायत, दार कुठे ते कळेना. मी फडकी भिजवत होते. तारामावशी ओरडली, गो रतन, तुझो बापूस खंय गेलो? बघते तर बापा नाही, नि फळीवर थाळी नाही. आणि खालून आवाज आला. ठण ठण ठण. तो आवाज मी कसा विसरेन हो? त्याला वाटलं धूळ उठली. चाळीच्या तोंडाशी उभा राहून बडवतोय, आमच्या कच्छीत हाका मारतोय, इकडे या रे, घर इकडे आहे. आणि पोरं आली! आवाजावर आली, तारामावशीचा वसंता आला, बाकीचे आले, नि बापा प्रत्येकाच्या तोंडावरून हात फिरवून बघायचा, मग आत ढकलायचा. पोलिसांना वाटलं हा लोक जमवतोय. गोळी घातली.

मी उतरले तर पायरीला टेकलेला. म्हणाला, रतन, आली गं सगळी. मग विचारलंन, खेता आला? मी हो म्हटलं, आला.

पुढे महाराष्ट्र झाला, गाव माझं गुजरातेत गेलं, मी इथलीच झाले. बापाला कुणी हुतात्मा म्हणालं नाही, आणि त्यालाही ते कळलं नसतं. थाळी आहे ना, एका बाजूने चेपलीय, तिच्यातच जेवते मी. वसंता आता गिरणीत लागलाय. पाळी सुटली की स्वतःच्या घरी जायच्या आधी माझ्या दारात येतो, अक्का, आलो गं, म्हणतो. मी म्हणते, आलास ना बाबा, शंभर वर्षं जग, ये, आधी पाणी पी.