अंगठ्याची जागा

ताई: काका, भाषण नको. हा चिकट रंग खरवडा आणि वर काळा मारा. गिटार उद्या भाचीला द्यायचीय.

मिस्त्री: काळा मारा! दाराला मारतात तसा? ब्रश घरून आणलाय, की माझाच वापरू?

ताई: खोक्याच्या लाकडाला अजून काय मारणार?

मिस्त्री: खोक्याचं? हा शोध कुणाचा?

ताई: सासूबाईंचा. लग्नानंतर पहिल्यांदा वाजवली, तेव्हाच म्हणाल्या, "खोक्याचं लाकूड, खोक्यासारखाच आवाज." मी म्हटलं, तारा जुन्या झाल्यात. तर म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." रोज एक टोमणा. शेवटी सोडलं वाजवणं. आठ वर्षं कपाटावर पडून आहे.

मिस्त्री: त्यांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. आता इकडे या. या भोकाची कड बघा. वरच्या रेषा कडेवरून सरळ आत उतरतात ना? म्हणजे अखंड लाकूड. प्लायवूड असतं तर पापुद्रे दिसले असते, एकावर एक.

ताई: हो की! मग शिसवी आहे?

मिस्त्री: झालं! खोक्यावरून थेट शिसवी. पुढचं स्प्रूस, मागचं महोगनी. शिसवी फक्त ही बोटांखालची पट्टी.

ताई: एवढं चांगलं लाकूड, मग रंग असा चिकट का?

मिस्त्री: रंग नव्हे, लॅकर. जुन्या पद्धतीचं, पातळ. हल्लीचा पॉलीचा, म्हणजे प्लास्टिकचा थर असता ना, काचेसारखा जाड, तर ढिम्म हलला नसता. हे नाजूक. कापूर लागत राहिला की मऊ पडतं. वास घ्या.

ताई: हा तर बाम!

मिस्त्री: घरात कोण लावतं?

ताई: सासूबाई. दुपारी, गुडघ्यांना. त्याच हाताने गिटार पुसत असतील.

मिस्त्री: वा, कामसू आहेत. पण पुसणाऱ्याचा हात सगळीकडे फिरतो. इथे चिकट कुठे आहे? ही खालची कड, मांडीवर टेकते ती. आणि दांड्याच्या मागे एवढीशी जागा. तिथे अंगठा असतो, वाजवणाऱ्याचा.

ताई: काहीतरीच काय!

मिस्त्री: बरं, तारा तुम्ही बदलल्यात?

ताई: मी हातसुद्धा लावला नाही.

मिस्त्री: मग आठ वर्षांत न गंजणाऱ्या तारा निघाल्या म्हणायच्या. मला कुणी कळवलंच नाही.

ताई: थांबा. म्हणजे मी ऑफिसला गेले, की...

मिस्त्री: मी कुठे काय म्हटलं? मला फक्त लाकडातलं कळतं.

ताई: माझं बंद पाडलं आणि स्वतः वाजवत बसल्या! इतका राग येतोय ना, काका.

मिस्त्री: यायलाच हवा. मग मारू काळा?

(ताई दांड्यामागच्या चिकट जागेवर आपला अंगठा ठेवून बघते.)

ताई: काल मी सांगितलं, गिटार भाचीला देतेय. म्हणाल्या, "दे, अडगळ जाईल." आणि रात्री जेवल्याच नाहीत. मला वाटलं, गुडघे दुखतायत.

मिस्त्री: हं.

ताई: काळा नको. भाचीला दुसरी बघेन.

मिस्त्री: आणि ही पुन्हा कपाटावर?

ताई: नाही, खालीच ठेवते. तसले गुडघे घेऊन रोज स्टुलावर चढत होत्या हो त्या.