एनजी बाबा

— नाही हो, भूतबीत काही दिसलेलं नाही मला. भीती कुठून येते, भीती कुठून येते — जो येतो तो हेच विचारतो. मला काय ठाऊक? माहीत असतं तर भुताच्या फिल्मा कशाला केल्या असत्या, गप घरी नसते का बसले? बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय — हो, तीच ती, फिल्ममध्ये आपोआप सरकणारी. आपोआप कसली, मी टेबलाखाली आडवी पडून दोरी ओढत होते. अकरा मिनिटांची फिल्म आणि महिनाभर पाठ धरलेली. इकडे बसा, खिडकीपाशी. सगळ्या फिल्मा इथेच झाल्या, आईबाबांच्या या घरात. आई आत कपड्यांच्या घड्या घालतेय, येईल मध्येच.

तुम्हीच तुमच्या लेखात लिहिलंत ना, की माझ्या फिल्ममधली शांतता श्वास घेते? तुम्ही लिहिलंत आणि मग सगळ्यांनी री ओढली. शेवटी पडदा काळा होतो, त्याच्या आधी कुणीतरी बोलायला म्हणून श्वास घेतं आणि बोलत नाही — थिएटरात लोक खुर्च्या धरून बसतात म्हणे. तीन फेस्टिव्हलांची पत्रं आलीयेत. उत्तर एकालाही दिलेलं नाही. कंटाळा आलाय हो. कौतुकाचासुद्धा कंटाळा येतो, खोटं वाटेल तुम्हाला.

तर तो श्वास. सांगते. शूटिंग संपलं की सामान आवरायच्या आधी सगळ्यांनी आहे तिथे पुतळ्यासारखं उभं राहायचं, एक मिनिट. साउंडवाला रिकाम्या खोलीचा आवाज घेतो — रूम टोन म्हणतात. संवादांच्या मधल्या फटी त्या आवाजानं बुजवायच्या. रिकाम्या खोलीलाही आवाज असतोच की, पंख्याचा, भिंतीचा, फ्रिजचा... त्या एका मिनिटात कुणी खोकायचं नाही, हलायचं नाही. आणि त्या मिनिटात खोकणार कोण? आमचे बाबा. शॉट चालू असताना स्वयंपाकघरातून 'पोरांनो, चहा टाकू का?' विचारणार कोण? बाबाच. वाईट गेलेल्या टेकला आम्ही एनजी म्हणतो, नो गुड. तर पोरांनी त्यांचं नावच पाडलं, एनजी बाबा. त्यांना भारी आवडायचं ते! कुणी घरी आलं की छाती काढून सांगायचे, मी एनजी बाबा. त्यांना वाटायचं, काहीतरी मोठं पद आहे.

हसा, हसा. मीही हसायचे. मग हळूहळू चिडायला लागले. 'बाबा, आवाज नको.' दिवसातून वीस वेळा. आणि संध्याकाळी काय करायचं, तर सगळे एनजी टेक पुसून टाकायचे, कार्डात जागा हवी ना उद्याला. एनजी कोण ठेवतं? कुणीच नाही. मीच पुसायचे, माझ्या हातानं, भराभर — जेवण झाल्यावर ताटं घासावीत तसे.

सात महिने झाले त्यांना जाऊन. काही नाही, झोपेतच. त्रास नाही झाला म्हणतात सगळे. मलाही तेच म्हणावं लागतं.

आणि मग एक दिवस आई म्हणाली, तुझ्याकडे दारांचे आवाज आहेत, वाऱ्याचे आहेत, मांजराचेसुद्धा आहेत, ह्यांचा एकदा ऐकव गं. एवढंच. मी म्हटलं, ऐकवते की, त्यात काय! चांगल्या आठ हार्ड डिस्क आहेत घरात. तीन आठवडे झाले. बाबा कुठेच नाहीत. बहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओवर पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी टाकलीयेत. मोबाइलमध्ये म्हणाल, तर कॅमेरा निघाला की ते आपसूक बाजूला सरकायचे, फ्रेमच्या बाहेर. ती सवय कुणी लावली? मीच. आई रोज विचारते, सापडला का? मी म्हणते, शोधतेय.

अगदीच काही नाही का? आहे ना. तेवढं एकच आहे. तुमची ती शांतता. त्या फिल्मचा रूम टोन घेताना बाबा दारात उभे होते, एक मिनिट अगदी शहाण्यासारखे गप्प. शेवटच्या सेकंदाला राहवलं नाही बिचाऱ्यांना, बोलायला म्हणून श्वास घेतला — आणि मी 'कट' म्हटलं. काय बोलणार होते? मी विचारलंच नाही हो. पंखा बंद करा, ट्रायपॉड उचला, ह्याच घाईत होते. तो श्वास आईला ऐकवला मी. ती म्हणाली, हे तर गप्प बसलेत.

म्हणजे आता तुम्हाला कळलंच असेल, मी मुलाखतीला का हो म्हटलं ते. मुलाखतीसाठी नाही. माफ करा. दोन वर्षांपूर्वी तुम्ही पहिल्यांदा आलात, याच टेबलावर मध्ये फोन ठेवला होतात रेकॉर्डिंगला, आणि बाबा चहा घेऊन आले होते. आले होते ना? काहीतरी बोलले होते, मला आठवत नाही काय. ते ठेवलंय का तुम्ही? की लेख छापून आल्यावर — नाही, सावकाश बघा. मी कुठे घाई करतेय? बघा.

आहे?

लावा. नाही, थांबा. हं, लावा.

...हा कप ठेवल्याचा आवाज. ...ते, तेच बोलतायत. 'भीतीचं हिला काय विचारता, मला विचारा! लहानपणी अंधाराला इतकी घाबरायची, एकटी मोरीत जायची नाही. मी बाहेर उभा राहून सारखं बोलत राहायचो, वाट्टेल ते, आणि बोलायचं थांबलो की आतून रडं —'

'बाबा, प्लीज. रेकॉर्डिंग चालूय. आवाज नको.'

ही मी. ऐकलंत? केवढी तुसडी. आणि बघा, पुढे... नाही बोलले ते. पुढचा अर्धा तास खोलीतच होते हो, आता मोडलीय त्या खुर्चीवर बसून होते. एक शब्द नाही.

तुम्ही मघाशी विचारलंत ना, भीती कुठून येते? ते सांगतच होते की तुम्हाला. मी बोलू दिलं नाही.

काय म्हणालात? माझं वाक्य कापून देता येईल? हो, येईल, दोन मिनिटांचं काम, माझं आयुष्य त्यातच गेलं. आईला फक्त त्यांचं ऐकू येईल, छान वाटेल तिला. नको. मी आजवर पुष्कळ कापलंय. आहे तसंच ऐकू दे तिला, मी काय म्हटलं तेही ऐकू दे. शिव्या घालेल, घालू दे. फोन तेवढा ठेवून जा संध्याकाळपर्यंत, आणून देते मी. फेस्टिव्हलांचं नंतर बघू. जा तुम्ही आता, खरंच जा. दार नुसतं लोटून घ्या.

आई! ए आई, घड्या राहू देत. ये इकडे, बस. सापडले गं. ऐक, मी लावते, तू मध्ये आवाज — नाही, नाही. बोल. तू बोल, तुला हवं तेवढं.