सात नंबरची तक्रार

...नाही, पण मला सांगा, चिडणं म्हणजे काय नळ आहे का, फिरवला की आलं पाणी? सूनबाई मोबाइल लावून समोर उभी आणि म्हणते, "आई, चिडा!" अगं, चिडा काय चिडा! बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडत काढली मी, आणि बत्तीस वर्षं आमच्या मोठ्या बाई, म्हणजे सुपरवायझर, रबरी चपला घालून पाठीमागे फिरायच्या, पावलांचा आवाज नाही, काही नाही, एकदम मानेपाशी येऊन म्हणायच्या, "आवाज चढवायचा नाही!" समोरचा शिव्या देईना का, रडेना का, आपला आवाज कोमट पाण्यासारखा! हे सगळं हाडात मुरल्यावर मी आता चिडून भाषण ठोकू? तेही मोबाइलसमोर?

पण करणं भाग होतं हो. आठ नंबरसाठी. आठ नंबर म्हणजे माझी मैत्रीण, मी सातच्या खुर्चीवर, ती शेजारी आठच्या. मोठ्या बाई नंबरानंच हाक मारायच्या, तेच चिकटलं. तिच्या लग्नात मी म्हटलं, "आठ नंबर, सुखी राहा गं!" तर नवरामुलगा माझ्याकडे बघतच राहिला, आधीच्या सात कोण म्हणून! आता तो बिचारा नाही, ती एकटी राहते, दोन बस बदलून जावं लागतं तिच्याकडे. कान अधू झालेत. मोबाइल जवळ नेला की कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून अजून तो जुना, जड रिसीव्हरचा फोन. रोज दुपारी चारला तिचा फोन यायचा. "नंबर प्लीज?" ती म्हणायची, "आठ द्या," मी म्हणायची, आणि आम्ही दोघी हसायचो. रोज! त्याच विनोदाला! चौदा वर्षं!

आणि तो फोन पडला बंद. एकोणीस दिवस! मी कंपनीला लावला, तर माणूसच नाही तिथं. "बिलासाठी एक दाबा, नव्या जोडणीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी तीन दाबा..." दाबलं बाई तीन, तर "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," आणि बासरी. बारा मिनिटं बासरी! आणि मग कट! अहो, असा कट मी केला असता ना, तर मोठ्या बाईंनी मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं!

तर सून म्हणाली, आई, व्हिडिओ करू, लोकांना पेटवू. म्हटलं, पेटवू. बसले लिहायला. अकरा पानं झाली! "सुज्ञ ग्राहकहो," अशी सुरुवात. तिनं वाचलं आणि म्हणाली, "दीड मिनिट, आई. आणि पहिल्या तीन सेकंदांत माणूस अडकला पाहिजे." तीन सेकंद? आमच्याकडे तीन मिनिटांचा कॉल असायचा, तीन मिनिटांत लोक लग्न ठरवायचे, बारशाची नावं ठरवायचे, भांडून पुन्हा गोडही व्हायचे! आणि आमची आठ नंबर... तुम्हाला सांगते, एखादी सासरी गेलेली पोर आईशी बोलताना रडायला लागली, की हिचं घड्याळाकडे लक्षच जायचं नाही. तीनाची पाच मिनिटं व्हायची. मोठ्या बाई मागे आल्या की मी मुद्दाम पेन्सिल पाडायची, खाली वाकायची, शोधायची... तेवढ्यात त्या पोरीचं बोलून व्हायचं. किती पेन्सिली पाडल्या असतील मी! काय दिवस होते हो. समोर दिवे लुकलुकतायत, दोन्ही हातांत वायरी, आणि बाजूला ती, कानात कुणाचं तरी रडणं आणि तोंडानं मला खुणावतेय, चहा सांग म्हणून.

हां, तर व्हिडिओ. मोबाइल टेबलावर पिठाच्या डब्याला टेकवला, मी खिडकीपाशी. पहिल्यांदा म्हटलं, "नमस्कार, मी आपली काय सेवा करू शकते?" सून म्हणाली, कट! दुसऱ्यांदा म्हटलं, "हा अन्याय आहे, कृपया लाइनवर राहा." कट! मुलगा दारातून म्हणतो, "आई, माझ्यावर तर मस्त ओरडायचीस की!" म्हटलं, तू ग्राहक नव्हतास! तिसऱ्यांदा टेबलावर मूठ आपटली, तर मोबाइल उताणा पडला आणि दीड मिनिट छताचं चित्रण झालं. आवाज मात्र कोमटच!

शेवटी सून म्हणाली, "जाऊ दे आई, सांगायचंय काय तुम्हाला, ते मला सांगा." मग सांगितलं. म्हटलं, परवा तिच्याकडे गेले होते. दार उघडंच होतं. चार वाजले होते, आणि ती खुर्चीवर बसली होती, बंद फोनचा रिसीव्हर कानाला लावून. म्हटलं, काय ऐकतेस गं? म्हणाली, "टोन येतोय का बघते. तू लावत असशील आणि मी नसले म्हणजे?" फोन बंद पडल्यापासून रोज चारला बघत होती. बस, एवढंच सांगितलं. आवाज न चढवता! सूनबाई डोळे पुसत म्हणाली, "झाला व्हिडिओ."

आणि काय सांगू, जिकडेतिकडे झाला! शेवटी कंपनीच्या साहेबांचा फोन आला, स्वतः! म्हणाले, "मॅडम, काय आवाज आहे आपला! आमच्या तक्रार लाइनसाठी द्याल?" म्हटलं, आधी आठ नंबरचा फोन सुरू करा, आणि तीन दाबलं की माणूस पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन सुरू! माणसाचं म्हणाले, "विचाराधीन आहे, तोवर निदान माणसाचा आवाज तरी." आणि खोटं कशाला बोलू, विरघळले मी. इतक्या वर्षांनी कानाला हेडफोन लावला, समोर लाल दिवा लागला, आणि मी म्हटलं, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." एका दमात! मोठ्या बाई असत्या तर मान डोलावली असती.

माझा आवाज तक्रार लाइनवर लागला, त्या दिवशी चार वाजले. फोन नाही. साडेचार. नाही. मी लावला, तर एंगेज! दुसऱ्या दिवशी, एंगेज! तिसऱ्या दिवशी तडक दोन बस बदलून गेले. तर ही रिसीव्हर कानाला लावून हसतेय! म्हटलं, कुणाशी बोलतेस? म्हणाली, "तुझ्याशीच की! तीन दाबलं की येतेस. किती गोड बोलतेस गं तिथं! आणि मुख्य म्हणजे, मध्ये बोलत नाहीस. बारा मिनिटं मी माझं सगळं सांगते, तू मागे बासरी लावून ऐकतेस."

घरी आले. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा एंगेज. मग मात्र डोकंच फिरलं माझं! फिरवला कंपनीचा नंबर, दाबलं तीन, आणि आयुष्यात पहिल्यांदा, घर दणाणेल असा, आवाज चढवला! सून धावत आली, "आई, थांबा, मोबाइल आणते!"

आणि तिकडून मी. शांत. कोमट. "कृपया लाइनवर राहा."

राहिले बाई. काय करते!