खरड छाटणी

सुवर्णा : आबा, हात थांबवा. कात्री द्या इकडे.

आबा : थांब की, एकच फांदी राहिलीय. बघ, काडीकाडीला फुटायला एक डोळा ठेवलाय. अशी खरड छाटणी गावात दुसरा कोण करतो, सांग.

सुवर्णा : ही द्राक्षं नाहीत. बाग काढून सहा वर्षं झाली, आबा.

आबा : मग हे काय हाय?

सुवर्णा : कुंपणावरचा वेली गुलाब.

आबा : असंना. चैत्रात छाटलं की जोमानं फुटतं. तू कालेजात शिकली, मी बागेत शिकलो.

सुवर्णा : हा वर्षातून एकदाच फुलतो, तोही गेल्या वर्षीच्या काडीवर. ती काडीच कळ्यांसकट खाली पडलीय. उद्या आखाजी, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त. लग्नाच्या मांडवाला पाचशे दांड्या द्यायच्यात.

आबा : कुणाला?

सुवर्णा : देवराम मांडववाल्याला.

आबा : देवराम लय भला माणूस. सांग त्याला, सासरा म्हातारा हाय.

सुवर्णा : गेल्या वर्षी तेच सांगितलं. तेव्हा तुम्ही कळ्यांवर द्राक्षाचं औषध मारलं होतं.

आबा : मी?

(दोघं खाली बसून छाटलेल्या फांद्या निवडू लागतात.)

आबा : ही चालंल?

सुवर्णा : हिरवी आहे. रंग दिसतो तीच कळी पाण्यात उमलते.

आबा : आन् ही?

सुवर्णा : ही चालेल. अठ्ठेचाळीस झाल्या.

आबा : पाचशे नाय झाल्या तर? तू कायतरी बोलली होती.

सुवर्णा : ही फुलं नीट गेली असती, तर देवरामभाऊ वर्षभर हारांचं काम देणार होते. घरी बसून केलं असतं. आता एक तारखेपासून सातपूरला, कंपनीत. सकाळी सात ते संध्याकाळी सहा.

आबा : मी राहीन की एकटा.

सुवर्णा : परवा गॅस उघडा राहिला होता, आबा. तुमचा मुलगा असता तर गोष्ट वेगळी होती.

आबा : म्हंजी मी लेकीकडं. नांदगावला.

सुवर्णा : मीनाताई कधीपासून बोलावतायत.

आबा : तिसऱ्या मजल्यावर राहती ती. पायाला माती लागत नाय तिथं.

सुवर्णा : मला तरी कुठे पाठवायचंय तुम्हाला?

आबा : मला द्राक्षंच दिसत होती गं. खरंच.

सुवर्णा : माहितीये.

आबा : मीनाला फोन लाव.

सुवर्णा : आज नको. सण होऊ द्या.

आबा : आत्ताच लाव, मला समजतंय तोवर. उद्या मी नाय म्हणंन.