वाकलेली पाठ

जपानमधल्या एका खेड्यातल्या भातशेतीवर माहितीपट करणारा मिनेगिशी गावच्या दवाखान्यात मास्क लावून बसला होता. आदल्या दिवशी टीव्हीवर त्यातला तुकडा दाखवला होता. गावातल्या म्हाताऱ्या फुसाएबाई वाकून लावणी करतात ते दृश्य केविलवाणं वाटतं, पूर्ण माहितीपटातून ते काढूनच टाकावं, असं त्याच्या मनात घोळत होतं. तेवढ्यात पुढच्या बाकावरून त्यांचाच आवाज आला.

"काल टीव्हीवर मला बघून लेकाचा ओसाकाहून फोन आला, तोमिए. म्हणतो, आई, किती गं वाकलीस! शेत सोड, इकडे ये."

"मग?"

"म्हटलं, पाठ कसली बघतोस? रोपांच्या ओळी बघ. आहे एक तरी वाकडी?"

"बरं ठणकावलंस! ऐकलं त्यानं?"

"छे! रविवारी न्यायला येतोय."

"अगं बाई! आता गं?"

"आता काय? म्हटलं, ये. येताना चिखलातले बूट आण. खालचं खाचर लावायचं राहिलंय."