सत्त्याण्णव

बोरीच्या मेडिकलवर राजेश्री सासूसाठी ऑक्सिमीटर घ्यायला थांबली होती. पुढं एक तरुण दुकानदाराशी भांडत होता, अन् मागं बाकड्यावर त्या तरुणाची आई बसली होती. तिच्या शेजारच्या बाईनं तिला विचारलं,

"पोरगं कशापायी भांडायलाय वो?"

"मशीन खोटं हाय म्हनायलाय. फोनवर रोज सत्त्याण्णव आकडा ऐकला, अन् बाप गेला."

"मंग खोटंच की."

"न्हाई माय. ह्यांची बोटं गार पडलेली, मशीन नुसत्या रेघा दाखवायचं. त्यो लांब पुण्याला, घोर नगं म्हून माझ्याच बोटाला लावून सांगायचे मी."

"त्येला म्हाईत हाय?"

तेवढ्यात तरुणानं दुकानदारासमोरून हाक मारली, "आई, इकडं ये. तुझ्या बोटाला लावून दाखव ह्यांना."

"माझ्या नगं, बाळा. दुसऱ्या कुनाच्या लाव."