आपण म्हणजे कोण?

नातवाचा रिपोर्ट दाखवायला निवृत्त शिक्षिकाबाई मुलांच्या डॉक्टरकडे आल्या होत्या. शेजारी बसलेल्या नवरा-बायकोचं बोलणं नको म्हटलं तरी त्यांच्या कानावर पडत होतं. त्या दोघांची दोन वर्षांची लेक खाली बसून बापाची चप्पल चाटत होती.

“हिला शाळेत घालायचंच नाही. आपण घरीच शिकवू.”

“आपण म्हणजे कोण?”

“आपण दोघं. वेळापत्रकही केलंय मी. सकाळी निसर्ग, दुपारी गणित.”

“आणि चप्पल कितव्या तासाला?”

“अगं, मुलं अनुभवातून शिकतात.”

“मग आता काढ तिच्या तोंडातून. अनुभव पोटभर झाला.”

“तुला सगळ्याचीच चेष्टा सुचते.”

“चेष्टा नाही. सोमवारपासून मी परत कामावर जातेय, काल कळवलं त्यांना. शाळा तू चालव.”

“आणि माझं ऑफिस?”

“माझं सुटलं तेव्हा हा प्रश्न नव्हता पडला तुला.”

तेवढ्यात नर्सने हाक मारली. बायकोने लेक उचलून त्याच्या कडेवर दिली आणि स्वतः बसूनच राहिली. तो आत गेला आणि मिनिटभरात दारातून डोकावला.

“अगं, ही रात्री किती वेळा उठते, विचारतायत.”

“तीनदा.”

“रोज?”

शिक्षिकाबाईंनी आपली पिशवी मांडीवर घेतली आणि बायकोला पंख्याखाली जागा करून दिली.